पाण्याच्या डीआय (डक्टाइल आयर्न) लाइनचा तोच जॉइंट परत परत गळतोय? रबर रिंग बदलायच्या आधी टाय रॉड आणि बोल्ट बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते ठरवता येईल.

सप्लाय चालू असताना बेंडपाशी ओल दिसते आणि सप्लाय बंद झाला की ती हळूहळू बसते. खोदून रबर रिंग बदलली, काही महिने बरं चाललं, परत तिथंच नाहीतर शेजारच्या जॉइंटला गळती. टोकाच्या वस्तीत प्रेशर कमी, नळाला सुरुवातीचं पाणी मातकट आणि मग साफ. व्हॉल्व्ह चेंबरच्या बाजूला रस्ता दबलेला, डांबराला अर्धगोल भेग. खोदल्यावर नट ओळखू येत नाही, नुसता तांबूस-काळा गोळा, टाय रॉड (जॉइंट सुटू नये म्हणून दोन्ही बाजू बांधणारा लोखंडी दांडा) हातानं हलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण म्हणजे सॉकेटच्या (पाइपचं रुंद टोक, ज्यात पुढचा पाइप घुसतो) तोंडाशी पाइपवर एक वेगळ्या रंगाचा स्वच्छ पट्टा दिसतो, कारण तेवढा भाग काही दिवसांपूर्वीपर्यंत सॉकेटच्या आत होता. हा पट्टा दिसला तर जॉइंट नुसता गळत नाहीये, सुटत चाललाय. खड्ड्यातून माणसं बाहेर काढा, व्हॉल्व्ह बंद करा, मग पुढचं बोला.

माझं बरंचसं काम खारपाण पट्ट्यात झालंय, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग जिथं विहिरीचं पाणी खारट, माती काळी आणि क्षार ठासून भरलेले. हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता बेंडजवळ लीकेज म्हटलं की रबर रिंगचा विचार शेवटी करतो. कोकणात खाडीलगतच्या खारजमिनीतही हेच होतं, आणि काळी माती असलेल्या कुठल्याही भागात कमी-जास्त प्रमाणात होतं.

जोर किती असतो ते आधी समजून घ्या

साधा पुश-ऑन जॉइंट म्हणजे सॉकेट, रबर रिंग आणि स्पिगॉट (सॉकेटमध्ये घुसणारं पाइपचं साधं टोक). तो पाणी अडवतो पण ओढ अडवत नाही. सरळ लाइनीत ओढ फारशी नसते म्हणून चालतं, पण बेंड, टी, रिड्युसर (व्यास बदलणारा तुकडा), बंद व्हॉल्व्ह आणि डेड एंड इथं पाण्याचा दाब पाइपला बाहेर ढकलतो. २०० मिमीच्या डीआय पाइपचा बाहेरचा व्यास २२२ मिमी असतो, १० बार दाबाला नुसत्या डेड एंडवर जवळपास ४ टन जोर येतो आणि ९० अंशाच्या बेंडवर साडेपाच टन. ३०० मिमीला तोच आकडा बेंडवर १२ टनांच्या आसपास जातो. हा जोर अडवायला एकतर काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक असतो नाहीतर रिस्ट्रेन्ड जॉइंट, म्हणजे टाय रॉड, किंवा पाचर दाबणारा रिस्ट्रेनर ग्लँड (जॉइंटच्या तोंडावर बोल्टनं आवळायची रिंग), किंवा स्टीलचे दात बसवलेली अँकर रिंग, किंवा वेल्ड बीडवाला लॉकिंग जॉइंट. बऱ्याच ठिकाणी ब्लॉक आणि टाय रॉड दोन्ही असतात.

आता बघा, पाइपची भिंत ६-७ मिमी जाड, सगळीकडून सारखी, वर झिंक आणि बिटुमेनचा थर. आपल्या आयएस ८३२९ (डीआय पाइपचं भारतीय मानक) प्रमाणे झिंक चौरस मीटरला किमान १३० ग्रॅम. आणि हा सगळा टनावारी जोर शेवटी ज्याच्यावर येतो ते दोन-चार बोल्ट किंवा रॉड, बऱ्याचदा बाजारातून आणलेले साधे एमएसचे (माइल्ड स्टील), कोटिंग काही नाही. पाइपवर १ मिमी गंज चढला तर पाइपला फारसं काही होत नाही, पण २० मिमीचा रॉड गंजून १४ मिमी झाला की व्यास कमी झाला ३० टक्के पण क्षेत्रफळ ३१४ वरून १५४ चौरस मिमीवर आलं, म्हणजे ताकद निम्मी गेली. तेही रॉडच्या मधल्या भागात, आट्यांच्या खाचेत त्याहून जास्त गेलेली असते कारण तिथं मुळातच धातू कमी आणि पाणी साचून राहतं. म्हणून रॉड जवळजवळ नेहमी नटाच्या तोंडाशी तुटतो.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे. चोवीस तास सप्लाय असलेल्या लाइनीवर जोर कायम एकसारखा असतो. आपल्या गावांत दिवसाआड किंवा दिवसातून तास-दोन तास पाणी सोडतात, म्हणजे प्रत्येक वेळी जॉइंटवर ताण चढतो आणि उतरतो, रॉड किंचित ताणतो, नटाखालचा गंजाचा थर तडकतो आणि आतला ताजा धातू मातीच्या पाण्याला उघडा पडतो. गंजायला याच्यापेक्षा चांगली सोय नाही.

तपासणी, फुकटच्या गोष्टींपासून

सगळ्यात आधी नकाशा आणि व्हॉल्वमन. मागच्या दोन-तीन वर्षांत कुठं कुठं लीकेज काढलं ते व्हॉल्वमनला बरोबर तोंडपाठ असतं, त्याला चहा पाजा आणि एका कागदावर खुणा करा. लीकेज लाइनीवर कुठंही विखुरलेले असतील तर कारण वेगळं आहे, खराब बेडिंग, वरून जाणारी जड वाहनं वगैरे. पण बेंड, टी, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन पाइपांच्या आत गोळा झालेले असतील तर प्रॉब्लेम रिस्ट्रेंटचा आहे. ही तपासणी फुकट आहे आणि तरी बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही, सरळ जेसीबी बोलावतात.

त्याच वेळी एक प्रश्न नक्की विचारा, या भागात आधी दुरुस्ती करताना एमजे कॉलर किंवा डी जॉइंट (दोन तुकडे जोडणारे, ओढ न अडवणारे बोल्टचे जोड) टाकला होता का? हे मी मुद्दाम लांबवून सांगतो कारण निम्म्या केसेसचं मूळ इथंच सापडतं. बेंडचा जोर नुसता बेंडच्या जॉइंटवर थांबत नाही, तो पुढच्या काही पाइपांपर्यंत जातो आणि मातीच्या घर्षणानं हळूहळू संपतो. म्हणून डिझाइनमध्ये बेंडच्या दोन्ही बाजूंचे ठरावीक लांबीतले सगळे जॉइंट एकमेकांना बांधलेले असतात. कधीतरी त्या लांबीत पाइप फुटला, फिटरनं तुकडा कापला, नवीन तुकडा दोन साध्या कॉलरनी जोडला, पाणी थांबलं, सगळे खूश. पण बांधणी तिथं तुटली. आता सगळी ओढ त्या साध्या कॉलरवर किंवा उरलेल्या गंजक्या रॉडवर. बाहेरून बघून हे कळत नाही, जुना माणूसच सांगू शकतो.

नंतर ती ओल आपल्याच लाइनीची आहे का ते बघा. ग्रामपंचायतीत क्लोरीन बघायचं ओटी किट असतंच, साचलेल्या पाण्यात टाका. पिवळा रंग आला तर पाणी आपलं. रंग नाही आला म्हणून आपलं नाही असं मात्र समजू नका, काळ्या मातीतून झिरपताना क्लोरीन संपून जातो. मग व्हॉल्व्ह बंद ठेवून ओल कमी होते का बघा. गटाराचं किंवा कॅनॉलचं पाणी असेल तर ती कमी होत नाही.

तिसरी गोष्ट प्रेशर गेज, आणि त्यातही व्हॉल्व्ह कसा उघड-बंद होतो ते स्वतः उभं राहून बघा. १ मीटर प्रति सेकंद वेगानं जाणारं पाणी एकदम थांबवलं तर लोखंडी लाइनीत १०० ते १२० मीटर हेडचा झटका बसतो, म्हणजे नेहमीच्या दाबावर अजून १० बारहून जास्त. गंजून निम्मा झालेला रॉड रोजचा दाब सहन करतो पण असा झटका नाही. त्यामुळे रॉड तुटला ती वेळ विचारा, बऱ्याचदा पंप ट्रिप झालेला असतो, लाइट गेलेली असते, किंवा कोणीतरी घाईत व्हॉल्व्ह फिरवलेला असतो. एअर व्हॉल्व्ह पण उघडून बघा, बॉल चिकटला असेल तर लाइनीत अडकलेली हवा असाच झटका देते. एअर व्हॉल्व्ह साफ करायला खर्च जवळपास नाही, आणि तो केल्याशिवाय नवीन रॉड टाकणं म्हणजे नवीन रॉड पण त्याच मारात देणं.

आता माती. मुठीत घेऊन बघा. काळी, चिकट, वर पांढरे क्षार, तर संशय पक्का. निळसर-काळी आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिथं हवा नसलेल्या चिखलात सल्फेट खाणारे जिवाणू आहेत, ते लोखंड झपाट्यानं खातात आणि बोल्टावर काळा मऊ थर सोडतात. भरावात कोळशाची राख किंवा बांधकामाचा मलबा टाकलेला असेल तर तोही लिहून ठेवा, राखेतला कोळसा लोखंडाच्या मानानं कॅथोड (स्वतः न झिजणारी बाजू) होतो आणि लोखंड झिजतं.

काळ्या मातीची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. उन्हाळ्यात ती तडकते, भेगांतून हवा पाइपच्या वरच्या अंगाला पोहोचते, आणि खालचं अंग मात्र ओलं आणि हवेविना राहतं. जिथं ऑक्सिजन कमी तो भाग झिजणारी बाजू, म्हणजे अ‍ॅनोड होतो, म्हणजे खालचे बोल्ट आधी गंजतात. आपण वरून माती काढून वरचे दोन नट बघतो, ठीक दिसतात, आणि बुजवून टाकतो. खालचे नट हात घालून, आरसा धरून, मोबाइलचा कॅमेरा खाली नेऊन, कसंही करून बघायचेच.

मातीचा रेझिस्टिव्हिटी (माती करंटला किती अडवते) टेस्ट जमत असेल तर करा. इलेक्ट्रिशियनकडे अर्थ टेस्टर असतो, चार टर्मिनलवाला लागतो, तीनवाला नाही. चार खिळे एका सरळ रेषेत सारख्या अंतरावर ठोकायचे, अंतर पाइपच्या खोलीएवढं धरा, समजा दीड मीटर. खिळ्यांची रेषा पाइपच्या काटकोनात आणि पाइपपासून लांब, नाहीतर करंट पाइपातूनच जाईल आणि आकडा चुकेल. हिशोब सोपा, २ गुणिले ३.१४ गुणिले अंतर गुणिले मीटरवरचं रीडिंग. दीड मीटर अंतराला १.२ ओहम आलं तर ११.३ ओहम-मीटर, म्हणजे ११३० ओहम-सेमी. अमेरिकेच्या एडब्ल्यूडब्ल्यूए (तिथली पाणीपुरवठ्याची संघटना) च्या सी१०५ मानकात मातीला गुण द्यायची पद्धत आहे, तिच्यात दहा गुण झाले की माती डीआयला खाणारी धरतात, आणि १५०० ओहम-सेमीच्या खालच्या रीडिंगला एकट्यालाच दहा गुण आहेत. उन्हाळ्यात तडकलेल्या जमिनीत रीडिंग खोटं जास्त येतं, पाऊस पडून गेल्यावर घ्या.

आता खोदायचं, पण असं

लाइन भरलेली असताना बेंडच्या मागची माती काढू नका. गंजलेल्या जॉइंटला बऱ्याचदा फक्त ती माती धरून असते. थ्रस्ट ब्लॉकच्या पाठीमागे तर अजिबात खोदायचं नाही. व्हॉल्व्ह बंद, वॉशआउट (लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह) किंवा जवळचं कनेक्शन उघडून दाब शून्य झाल्याची खात्री, मग जेसीबी. दीड मीटरपेक्षा खोल गेलं तर काळ्या मातीला लाकडी किंवा लोखंडी आधार द्यावाच लागतो, ओली काळी माती आवाज न करता एकदम घसरते. विजेची केबल, गॅसची लाइन कुठून गेलीय ते विचारल्याशिवाय बकेट लावू नका.

उघडं झालं की हात लावायच्या आधी चारी बाजूंनी फोटो. मग वायर ब्रशनं गंज काढा आणि व्हर्निअर कॅलिपरनं रॉडचा सगळ्यात बारीक भाग मोजा, नटाच्या दोन्ही बाजूंना आणि ब्लॉकच्या तोंडाशी. मूळ व्यासाच्या पाव भाग गेला असेल तर मी सरळ बदलतो, घट्ट करायच्या भानगडीत पडत नाही. कारण बारीक झालेला नट आवळताना आटे सोलतात, पाणी दोन दिवस थांबतं आणि मग रॉड जातो. चारपैकी एक रॉड तुटला की उरलेल्यांवर जोर वाढतो आणि वाकडा पण पडतो, म्हणून एक तुटलेला असेल तर चारही बदलायचे, बाकीचे तीन चांगले दिसले तरी.

ब्लॉकच्या तोंडाशी मोजा म्हटलं त्याचं कारण आहे. टाय रॉडचा काही भाग काँक्रीटमध्ये आणि काही मातीत असेल तर काँक्रीटमधलं लोखंड सुरक्षित राहतं आणि मातीतल्या लोखंडाच्या मानानं कॅथोड होतं. मग सगळा गंज काँक्रीट संपतं तिथं, एक-दोन इंचांच्या पट्ट्यात गोळा होतो. रॉड बाहेर लांबपर्यंत धडधाकट आणि ब्लॉकपाशी पेन्सिलीएवढा, असं मी बरेचदा बघितलंय. नवीन काम करताना जॉइंट आणि बोल्ट काँक्रीटमध्ये बुडवायचे नाहीत, मध्ये जाड प्लास्टिक ठेवायचं, आणि रॉडवर आत-बाहेर मिळून कोटिंग करायचं.

मग बघा कुठला धातू कशाला लागलाय. नियम असा की छोट्या वस्तूचा धातू मोठ्या वस्तूच्या धातूपेक्षा गंजाला कमजोर नसावा, कारण मग मोठ्या पाइपचा सगळा मार त्या छोट्या बोल्टवर येतो. साधा एमएसचा बोल्ट डीआयच्या ग्लँडवर लावला तर तेच होतं. बाजारात चकचकीत झिंक केलेले बोल्ट मिळतात, त्यांच्यावर झिंकचा थर इतका पातळ असतो की अशा मातीत तो फार टिकत नाही, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड त्याच्यापेक्षा बरे. थोडं तांबं, निकेल, क्रोमियम असलेले अलॉय स्टीलचे टी-हेड बोल्ट मिळाले तर उत्तम. स्टेनलेसही चालतात, पण खाऱ्या मातीत एसएस ३०४ ला नटाखाली खड्डे पडतात, ३१६ घ्या, आणि आट्यांना अँटी-सीझ लावा नाहीतर नट अर्ध्यावर जाम होऊन बसतो. आणि स्टेनलेस घातलं म्हणून तो भाग उघडा ठेवून नुसत्या पाइपला रंग मारणं हे उलटं काम आहे. उघडं स्टेनलेस मोठं कॅथोड होतं आणि पाइपच्या रंगाला जिथं ओरखडा असेल त्या ठिपक्यावर सगळा गंज उतरतो. झाकायचं तर दोन्ही झाका. पितळी फेरूल (घरच्या कनेक्शनचा जोड) जॉइंटच्या अगदी जवळ मारलेला असेल तर तोही यातच येतो.

बोल्टनंतर पाइप. हातोडीनं हलकं वाजवा, खणखणीत आवाज हवा. दाबून खरवडा, विशेषतः जुना बिडाचा पाइप असेल तर. बिडातलं लोखंड निघून जातं आणि ग्रॅफाइट तसंच राहतं, आकार अगदी जसाच्या तसा दिसतो पण चाकूनं काळी मऊ पेन्सिलीसारखी पूड निघते. असा पाइप रिस्ट्रेनरच्या पाचरी आवळल्या की चिरतो. डीआयमध्ये हे कमी दिसतं पण होतं. पाचरवाल्या ग्लँडमध्ये पाचरीचे दात जिथं रुततात तिथं कोटिंग मुद्दाम तोडलेलं असतं आणि जोरही तिथंच, म्हणून खड्डा पडला का ते तिथंच बघायचं. डेप्थ गेजनं खड्डा मोजा. २०० मिमीच्या के-९ (जाडीचा वर्ग) पाइपची भिंत ६.३ मिमी असते, ३०० मिमीची ७.२. खड्डा भिंतीच्या निम्म्यापर्यंत गेला असेल तर त्या पाइपवर नवीन रिस्ट्रेनर बसवू नका, पाइपचा तुकडाच बदला.

दात बसवलेल्या अँकर रिंगचं वेगळं आहे, तिचे दात बाहेरून दिसत नाहीत आणि जॉइंट नुसता ओढून सुटतही नाही. सॉकेटच्या तोंडाशी पट्टा दिसतोय, म्हणजे पाइप बाहेर आलाय, तर दात गेले असं समजा आणि जॉइंट कापून नवीन करा.

आणि वेल्डिंग नको. डीआयवर साध्या एमएसच्या रॉडनं वेल्ड मारला की शेजारचा धातू ठिसूळ होतो, थंड होताना किंवा पहिल्याच झटक्याला तडकतो. डीआयला निकेलचे इलेक्ट्रोड आणि ते येणारा वेल्डर लागतो, आणि चिखलाच्या खड्ड्यात ते नीट होत नाही. ग्लँडला पट्टी वेल्ड करून दिलेली दुरुस्ती मला खोदल्यावर सापडली की मी तो जॉइंट सरळ नवीन करतो.

बसवताना

नवीन बोल्ट समोरासमोर क्रमानं आवळा, पाऊण इंची टी-बोल्टला १०० ते १२० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंच भाड्यानं मिळतो. पाचरवाल्या ग्लँडचे नट ठरावीक जोराला डोकं तुटेल असे बनवलेले असतात, डोकं तुटलं म्हणजे काम झालं, त्यानंतर उरलेला नट पान्यानं अजून आवळू नका, पाइपला ओरखडा नाहीतर तडा जातो.

मग सगळं कोरडं करून पेट्रोलॅटम टेप गुंडाळा, आपल्याकडे लोक सरसकट डेन्सो टेप म्हणतात तोच. नटांच्या खाचा आधी पुटीनं भरा, नाहीतर टेपखाली हवा आणि पाणी अडकतं. वरून पॉलिथिनची स्लीव्ह, २०० मायक्रॉन तरी हवी, दोन्ही टोकांना पाइपभोवती घट्ट टेप. स्लीव्ह फाटली तर तिथं पॅच मारायचाच. स्लीव्हमध्ये मातीच्या बाजूचं घर्षण कमी होतं, डिझाइनमध्ये ते साधारण ३० टक्के कमी धरतात, म्हणजे आधी उघड्या असलेल्या पाइपला आता लांबपर्यंत स्लीव्ह घालणार असाल तर अजून पुढचा जॉइंटही बांधावा लागू शकतो. हे फार कमी लोक लक्षात घेतात. भराव काळ्या मातीचा नको, स्वच्छ मुरूम किंवा वाळू, थर-थरानं दाबून.

माती फारच वाईट असेल तर लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा झिंकचा अ‍ॅनोड लावता येतो, बोल्टवर बसणाऱ्या झिंकच्या टोप्याही मिळतात. झिंक कमी रेझिस्टिव्हिटीच्या खाऱ्या मातीत चांगला चालतो, जास्त रेझिस्टिव्हिटीला मॅग्नेशियम. पण अ‍ॅनोड फक्त ज्याला धातूनं जोडलाय त्यालाच वाचवतो. रबर रिंगमुळे एक पाइप दुसऱ्याला विजेच्या दृष्टीनं जोडलेला नसतो, आणि ग्लँडच्या रंगामुळे बोल्टही कधी कधी वेगळा पडतो. मल्टीमीटरनं कंटिन्युइटी बघा, नसेल तर केबलनं जंपर द्या. जंपर न देता पुरलेला अ‍ॅनोड नुसता मातीत पडून राहतो.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सॉकेटमधून पाइप बाहेर आलेला दिसतोय आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये, तर खड्ड्यात उतरू नका, आधी वरचा व्हॉल्व्ह किंवा पंप बंद करवा. ३०० मिमी आणि वरची लाइन, रायझिंग मेन (पंपापासून टाकीपर्यंतची लाइन), किंवा रेल्वे, हायवे, पूल यांच्याखालून जाणारा भाग, हे फिटरच्या भरवशावर करायचं काम नाही, थ्रस्टचा हिशोब करून रिस्ट्रेंटची लांबी काढणारा इंजिनिअर लागतो. एकाच बेंडला दुसऱ्यांदा रॉड तुटला तरी तेच, कारण मग मूळ डिझाइनमध्येच काहीतरी कमी आहे.

खड्डे स्वच्छ, चकचकीत, गंजाचा थर नाही आणि शेजारून गॅसची स्टील पाइपलाइन जाते, तिचे टेस्ट पोस्ट रस्त्याकडेला दिसतात, तर स्ट्रे करंटचा (बाहेरून भरकटत आलेल्या करंटचा) संशय घ्या. तिच्या कॅथोडिक प्रोटेक्शनचा (गंज रोखायला सोडलेला) डीसी करंट आपल्या लाइनीत शिरून जिथून बाहेर पडतो तिथं लोखंड घेऊन जातो. मुंबईत लोकल पूर्वी १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या, हार्बरचं शेवटचं कन्व्हर्जन २०१६ मध्ये झालं, त्यामुळे रुळांलगतच्या जुन्या लाइनींवर त्या काळातले खड्डे अजून असू शकतात. हे मोजायला कॉपर सल्फेटचा हाफ-सेल आणि गॅस कंपनीशी बोलून करायची टेस्ट लागते, कॅथोडिक प्रोटेक्शनवाल्या माणसाचं काम आहे, स्वतः अ‍ॅनोड जोडून बघू नका, त्यानं प्रॉब्लेम शेजारच्या जॉइंटवर सरकतो. पाइपची उरलेली जाडी अल्ट्रासॉनिकनं मोजायची असेल तरी अनुभवी माणूस बोलवा, आतल्या सिमेंट लायनिंगमुळे रीडिंग फसतं.

लाइन परत चालू करताना व्हॉल्व्ह हळूहळू, हवा पूर्ण निघेपर्यंत. खड्डा लगेच बुजवू नका. जॉइंट उघडा असतानाच पाइपवर सॉकेटच्या तोंडापाशी पांढऱ्या ऑइल पेंटनं रेघ मारा आणि सॉकेटपासून अंतर मोजून लिहा. दोन-तीन सप्लाय होऊ द्या, अंतर परत मोजा, बोल्टचा टॉर्क परत बघा, रेघ हलली नसेल तरच भराव घाला. फोटो, बोल्टचा धातू, मातीचं रीडिंग आणि तारीख हे सगळं लीकेज रजिस्टरमध्ये त्या जॉइंटसमोर चिकटवून ठेवा, पुढच्या वेळी खोदणाऱ्याला व्हॉल्वमन बदलला असला तरी ते मिळालं पाहिजे.